पाचवा रकाना

प्रिय सूनबाई,

देव तुला सुखात ठेवो. तुझं पत्र परवा मिळालं. कागदावरच्या उभ्या रेघांकडे लक्ष देऊ नकोस. घरात कोरे कागद एवढेच होते, आणि चार ओळींसाठी नवीन वही फोडायला माझा हात धजत नाही हे तुला ठाऊकच आहे. चार ओळी म्हणाले खरी, पण पत्र लांबणार असं दिसतंय.

तू लिहिलंस की अपील करायला अजून महिनाभर मुदत आहे आणि माळ्यावरच्या ट्रंकेतली पहिली वही तेवढी पाठवा. ‘आई, ती एक वही मिळाली की माझं काम माझ्या नावावर येईल.’ एवढंच. रागाचा एक शब्द नाही, उलट माझ्या गुडघ्यांची चौकशी. चार शिव्या घातल्या असत्यास तर उत्तर द्यायला मला सोपं गेलं असतं. वहीचं शेवटी लिहिते. आधी घरचं सांगते.

गुडघे आहेत तसेच आहेत. मोरीचा नळ पुन्हा गळायला लागलाय, तू कापडाची चिंधी बांधून थांबवायचीस तसं मला जमत नाही. शेजारची शिवणकामवाली दर दोन दिवसांनी विचारते, सून कधी येणार हो, तिचे दोन ब्लाउज शिवून पडलेत. मी म्हणते, मैत्रिणीकडे राहायला गेलीय. सोमवारी दवाखान्यात गेले होते. निघायच्या आधीच फोनवर निरोप आला, तुमच्या पुढे चार जण आहेत, वीस मिनिटांनी निघा. पोचले तर खरंच पाच मिनिटांत आत. नर्स माझा हात धरून म्हणाली, आजी, तुमच्या मुलाने काय सोय करून ठेवलीय हो, लोक दुवा देतात. मी म्हटलं, देवाची कृपा.

ती सोय कुठून आली हे तुझ्याइतकं मलाच माहीत. ती सोय नव्हती तेव्हा एकदा याच दवाखान्यात मी बाथरूमला गेले आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारला गेला. परत आले तर म्हणाले, आता शेवटी बसा. सकाळी नऊला गेलेली मी चारला घरी आले. जेवताना ते सांगितलं, तर हा म्हणाला, आई, तू पण ना, पाणी कमी प्यायचं. तू दुसऱ्या दिवशी विचारलंस, आई, नंबर चुकला तर माणसाला किती जणांनंतर परत घ्यावं म्हणजे मागच्यांवर अन्याय होणार नाही? मी भाजी निवडत होते. म्हटलं, तीन. तीन जण कुणीही सोसतो. तू तेच घातलंस. तुझ्या त्या एवढ्या मोठ्या कामात एक आकडा माझा आहे. मी मॅट्रिक झालेली बाई, पण तो आकडा आठवला की मला अजून बरं वाटतं.

दोघांच्या प्रवेशाची पत्रं एकाच आठवड्यात आली होती. तो एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा, तू दुसऱ्या कंपनीत लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचीस. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग, दोन वर्षं, की सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगची मोठी पदवी. प्रवेशपरीक्षेत तुझा नंबर त्याच्या बराच वर होता. तू ते सांगितलं नाहीस, मी तुझ्या पत्रावर वाचलं. आणि मीच म्हणाले, दोघं एकदम गेलात तर घराचं काय? आधी त्याचं होऊ दे, मग तू. तू हसून म्हणालीस, दोन वर्षं काय आई, चुटकीसरशी जातील. मी तेव्हा घराचं नाव पुढे केलं. खरं कारण आज लिहिते. मॅट्रिकनंतर मला कुणी पुढे काय म्हणून विचारलं नव्हतं. तुला ते पत्र हातात घेऊन खोलीभर फिरताना पाहिलं आणि माझ्या छातीत काहीतरी टोचलं. घराचं काय, ते बघता आलं असतं.

मग तो वर्गाला जायचा आणि डोकं धरून परत यायचा. पहिल्यांदा तू नुसती समजावून सांगायचीस. मग अर्धं करून द्यायला लागलीस. दुसऱ्या वर्षी दवाखान्याच्या नंबरांचं प्रोजेक्ट आलं तेव्हा शनिवारी जेवणं उरकली की तूच संगणकापुढे. ती खिडकीशेजारची जागा, चौकटीच्या फटीतून थंड वारा यायचा. तू उजव्या हाताला माझा जुना पायमोजा बोटं कापून घालायचीस, आणि मी तुला चिडवायची, इंजिनीअरीणबाई, हातमोजे तरी धड घ्या. मला काम दाखवायचीस. एकदा म्हणालीस, आई, कुठली ओळ कुणी लिहिली आणि कधी, हे सगळं यात राहतं, आणि ते दाखवणाऱ्या सोयीचं नावच ‘ब्लेम’ म्हणजे ‘दोष’ आहे. मी म्हटलं, अगं, चांगलं काम केलं तरी दोषच? किती हसलो होतो आपण. मग मी विचारलं, तुझ्या ओळींवर तुझं नाव दिसतं का? म्हणालीस, नाही, मी त्याच्या नावाने आत शिरते ना, दोष सगळा त्याला. तेव्हाही हसलोच.

वहीचं कारण कॉलेजनेच काढलं. प्रोजेक्टला किती तास लागले त्याची रोजची नोंद हवी. हा म्हणाला, आई, दूधवाला कधी आला, धोब्याने किती कपडे नेले, सगळं तू लिहितेसच, माझेही तास लिही. रेघा तू ओढल्यास. पाच रकाने. तारीख, केव्हापासून, केव्हापर्यंत, काय काम, कोणी. अकरा दिवस मी इमानेइतबारे लिहिलं. दुपारी दोन ते सहा, नंबर चुकलेल्या पेशंटची सोय, सूनबाई. अकराही दिवसांच्या एकूण एक नोंदीत शेवटी सूनबाई. बाराव्या दिवशी त्याने वही उघडली. ओरडला नाही. म्हणाला, आई, हे सरांना दाखवायचंय, अभ्यास माझा आहे ना, मग तास कोणाचे? नवी वही आणली. तिच्याही रेघा तूच ओढल्यास. चार झाल्या, आणि पाचवीसाठी सरकवलेली पट्टी तू उचलून बाजूला ठेवलीस. मी बघत होते. तू म्हणालीस, चालेल आई, माझी पाळी येईल तेव्हा ओढू. त्या वहीत मी पुढचे नऊ महिने तुझे तास भरले. कोणी ते लिहायला जागाच नव्हती, म्हणून लिहिलं नाही.

पदवी मिळाली तेव्हा त्याच्या ऑफिसची माणसं घरी आली होती. कुणीतरी तुला विचारलं, वहिनी, तुम्हीही याच लाइनमधल्या ना? तुझ्याआधी हाच बोलला, हिला साधं कोडं सुटत नाही, कोड काय सुटणार! सगळे खो-खो हसले. मीही हसले. तू कपबशा उचलून आत गेलीस. मी मागोमाग आले नाही, कारण पाहुण्यांत बसून माझ्या मुलाचं कौतुक ऐकायला मला आवडत होतं.

मग तू त्याच कॉलेजात पुन्हा अर्ज केलास. त्यांनी स्वतः केलेल्या कामाचा नमुना मागितला, आणि तू दवाखान्याचंच दिलंस. वेडी गं. दुसरं काही द्यायचं. पण तुझं होतं ते, तुला दुसरं सुचलंच नाही. त्यांनी ताडून पाहिलं, ओळीस ओळ जुळली, दोघांकडे खुलासा मागितला. याने लिहून दिलं की पत्नीने माझ्या संगणकावरून माझं काम उचललं. तो कागद त्याने मला वाचून दाखवला. मी विचारलं, असं कसं लिहिलंस? तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पदवी गेली तर बढती जाईल, बढती गेली तर नोकरी. आई, मी रस्त्यावर येईन, तू माझ्याबरोबर येशील. तू तोवर बॅग भरून मैत्रिणीकडे गेली होतीस. जाताना मला म्हणालीस, मंगळवारी कॉलेजच्या चौकशी समितीपुढे वह्या घेऊन या आई, तुम्ही आहात म्हणून मला भीती नाही.

मी आले. पण चार रकान्यांची एकच वही घेऊन आले. तू माझ्या पिशवीकडे बघत होतीस, दुसरी कधी निघते म्हणून. समितीच्या अध्यक्षबाईंनी वही चाळली आणि विचारलं, आजी, या नोंदी खऱ्या आहेत? मी म्हटलं, माझ्या वहीत खोटं काही नसतं. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या अभ्यासाचे तास? मी म्हटलं, मुलाच्या. अभ्यास त्याचाच होता ना? मग त्या बाईंनी तुम्हा दोघांना विचारलं, नंबर चुकलेला पेशंट तीन जणांनंतर का, पाच का नाही, शेवटी का नाही? याने समोरचे कागद नीट लावायला घेतले.  तू सगळं सांगितलंस, माझं बाथरूम, माझं चारला घरी येणं, माझी भाजी, माझे तीन. बाई माझ्याकडे वळल्या. असं घडलं होतं? मी म्हटलं, घडलं होतं, आणि दोघांनाही ठाऊक आहे, मी जेवताना दोघांना सांगितलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. एखादा आकडा चुकलाय की काय म्हणून तू पडद्याकडे बघायचीस ना, तसं.

रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा मी ती उत्तरं एकेक करून तपासते. एकही खोटं सापडत नाही. तूच सांगितलं होतंस, प्रत्येक चाचणी पास होते आणि तरी प्रोग्राम चुकलेला असतो, आणि ती चूक सगळ्यात वाईट, कारण ती कुठेच दिसत नाही. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

तुझा अर्ज फेटाळला, तीन वर्षं तुला परत बसता येणार नाही, आणि तुझ्या ऑफिसलाही त्यांनी कळवलं, हे सगळं मला ठाऊक आहे. तुला वाटत असेल, आईने पोटच्या पोरासाठी केलं. तेवढं असतं तर लिहिताना मान वर राहिली असती. मला तू त्याच्यापेक्षा जास्त आवडायचीस, आणि हे त्यालाही माहीत आहे. तू जिंकली असतीस तर मला तुझ्याकडेच नेलं असतंस. मग मी उरलेलं आयुष्य तुझ्या घरात, तुझ्या पदवीच्या फोटोखाली बसून काढलं असतं. मुलाच्या घरात मी आई आहे. तुझ्या घरात मी ती बाई झाले असते, जी म्हणाली होती आधी त्याचं होऊ दे.

आता वहीचं. तू ट्रंकेसाठी येऊ नकोस. रजा काढून दोन गाड्या बदलत येशील आणि रिकाम्या हाताने जाशील, म्हणून हे पत्र लिहिलं. मंगळवारी तिथून परतल्यावर मी पहिली वही खाली काढली. लिहिलेली पानं तीनच होती. ती पाण्यात भिजवून कुस्करली, खळीत कालवली आणि तुझ्या जागेजवळच्या खिडकीच्या फटीत दाबून भरली. वाळून दगड झालाय. आता वारा येत नाही. कोरी पानं चांगली होती, ती वाया घालवणं जिवावर आलं. तीच तुझ्या हातात आहेत. रेघा तू ओळखल्या असशीलच. अक्षरही ओळखशील, पण कुणी विचारलं तर मी माझं नाही म्हणेन, आणि ते मात्र खोटं असेल, माझं पहिलं. तेवढी वेळ माझ्यावर आणू नकोस. कोणी लिहिलं ते शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं. तो मी कोराच सोडते.

तुझीच,