मागच्याचा पाय

४ मार्च
गाडी विसरा म्हणे! डोळ्यांचा डॉक्टर वयाने माझ्या निम्मा, पण बोलला तोलून. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, आणि ते परत येणार नाही. दुचाकी बंद.
धाकटा भाऊ लगेच, "दादा, विकून टाक." जीभ कशी झडली नाही त्याची! बावीस वर्षांची क्रूझर आहे माझी.
बायको आपली शिलाई मशीन चालवत राहिली.

५ मार्च
आज बायको बोलली! चहा गाळता गाळता — "अहो, सायलेन्सर बदलायचा म्हणत होतात ना? सडलाय तो. बदलूया."
माझं मन राखतेय बिचारी. चालवायचीच नाही त्या गाडीला नवा सायलेन्सर! तरी हो म्हटलं. रडू येत होतं खरं तर.

९ मार्च
गॅरेजात गेलो. हीही शिवण टाकून आली, टेप गळ्यात तशीच. गॅरेजवाल्याने तीन सायलेन्सर काढले, एकेक जोडून गाडी सुरू केली.
पहिला आखूड, मोकळा. काचा थरथरल्या. मी खूश! ही म्हणते, "नुसता आरडाओरडा. चढावर दम टिकतो का?"
गॅरेजवाला चाटच पडला. "नाही टिकत, वहिनी. खालचा जोर जातो."
दुसरा चकचकीत, आवाज मात्र पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. तिसरा काळा, लांब, आत जाळी. हिने डोळे मिटले. शिलाई मशीनच्या आवाजावरून सुई वाकल्याचं सांगणारी बाई ही! "हाच." काय कान आहे! बावीस वर्षं चालवून मला जमलं नसतं.
मग हिने सीटवर बसून पाहिलं. दोन्ही पाय टेकले. "बुटकीच आहे हो तुमची गाडी!" आणि टेप काढून, चटका लागू नये म्हणून वरचं झाकण कुठवर हवं ते मापून दिलं. "मागच्याचा पाय भाजता कामा नये."
म्हटलं, अगं, तुझा पाय एवढा लांब कुठाय?
"बसेल कोणीतरी लांब पायाचं."
गॅरेजवाला खाली मान घालून हसला. म्हणजे गिऱ्हाईक ठरलंय! माझी गाडी सजवून विकताहेत.

१४ मार्च
सायलेन्सर बसला. गाडी तिथेच. "काम बाकी आहे," म्हणे. कुणाला शिकवता!

२७ मार्च
ही रोज सकाळी 'मापं घ्यायला' बाहेर. आज कोपर सोलून आली. "पायरीवरून घसरले." मलम लावून दिलं. गाडी विकली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

१८ एप्रिल
आठवडाभर अबोला. माझाच. आज फर्मान सुटलं — "उद्या सातला तयार राहा. जाड पँट घाला."
गाडीला निरोप द्यायला? मी येणार नाही म्हटलं.
"येणार!"

१९ एप्रिल
चढ संपेपर्यंत दम टिकला. पाय भाजला नाही.
मागे मी बसलो होतो!