मादे उजेडाच्या कडेला येतो

लेप्पानिएमी,
१३ जानेवारी १९७४

चि. तेर्त्तूस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझा दिवा पोचला. पोस्टाच्या बसचा ड्रायव्हर खोका उतरवताना विचारत होता की सैमीबाई, चर्चची घंटा मागवलीत की काय. तुझ्या दुकानात बॅटरीवरचा याहून हलका दिवा नव्हता का गं? पण शब्द दिला तो दिला. रात्री बर्फावर मासे धरायला जायचं तर दिवा लावूनच, नाहीतर घर बंद करून मुकाट्याने तांपेरेला तुझ्याकडे राहायला यायचं, ही तुझी अट.

तर लावला. बर्फात भोक पाडलं, शेजारी तिकाटणं उभं करून त्यावर टांगला. खालचं पाणी हिरवंगार दिसायला लागलं. फार सुंदर! आणि मासा म्हणून एक नाही. आपला मादे मासा म्हणजे काळोखातला प्राणी. ऐन थंडीत अंडी घालायला उथळ पाण्यात येतो तोही रात्री, तळाला पोट घासत, चोरासारखा. घरात दिवा लागलेला बघून चोर येतो का? आठवडाभर मी नुसतं बटाट्याचं सूप पितेय.

त्यात पलीकडच्या भोकावरून एमेली कोक्कोनेन तरातरा चालत आला. आठवतो ना, बायको गेल्यापासून गावात कुणाशी धड न बोलणारा? आता बोलला. म्हणाला की तुमच्या या दिव्याने माझेही मासे पळाले, तळ्यावर काय नाच ठेवलाय? मी ऐकवलं की तळं तुझ्या बापाचं नाही. फार बरं वाटलं.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे, तुझ्या दिव्याने ती पळालेली नाही.

तुझी,
सैमी आत्या


तांपेरे,
२० जानेवारी

ती. आत्यास,
तेर्त्तूचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि एवढी हसले की मालक बघायला आले. पण हसले म्हणून अट सुटली असं समजू नकोस. सत्तरीला आलीस, काका गेल्यावर घरात दुसरं माणूस नाही, आणि रात्री त्या बर्फावर तू एकटी. बाबा असते तर त्यांनी बहिणीला केव्हाच उचलून आणलं असतं. मी नुसता दिवा पाठवला.

इथे एक गिऱ्हाईक येतात, जन्म तळ्याकाठी गेलेला. त्यांचं म्हणणं, उजेडाला आधी पाण्यातले बारीक किडे वर येतात, मग किड्यांमागे बारीक मासोळी. दिवा रोज एकाच जागी ठेवायचा आणि धीर धरायचा. तुझ्याकडे धीर नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

आणि एमेलीकाकांना थर्मासमधली कॉफी तरी द्यायचीस. बापाचा उद्धार काय करतेस! चर्चमागच्या नाचात ते तुझ्याशी नाचायचे, असं बाबा एकदा म्हणाले होते. खरं का गं?

रागावलीस तरी पत्र लिहीतच राहा, एवढंच मागणं.

तुझी,
तेर्त्तू


लेप्पानिएमी,
३ फेब्रुवारी

चि. तेर्त्तूस,
अ. उ. आ.

तुझं गिऱ्हाईक शहाणं आहे, पण अर्धंच. मासोळी आली! काकडीच्या वासाची ती चिमुकली रुपेरी मासोळी दिव्याखाली थव्याने फिरते. बादली भरून धरली. राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळली, तर घरभर काकडीचा वास.

आता उरलेलं अर्धं ऐक. परवा एमेली पुन्हा आला. मला वाटलं भांडायला, म्हणून मी पहार हाताशी घेतली. तर त्याच्या हातात हा एवढा थोरला मादे, मिशीला बर्फ लागलेला. तिथेच त्याने पोट चिरून दाखवलं. आत माझीच मासोळी गच्च! म्हणजे मादे उजेडात येत नाही, पण उजेड जिथे संपतो त्या कडेला दबा धरून बसतो. थव्यातून भरकटलेली मासोळी आयती त्याच्या तोंडात. एमेलीचं भोक नेमकं त्या कडेवर.

तह झाला. माझ्या भोकाभोवतीचा भुसभुशीत बर्फ मी खरवडून काढते, म्हणजे उजेड पाण्यात लांबवर जातो. त्याच्या बाजूचा तसाच ठेवायचा. उजेड माझा, काळोख त्याचा, मासे निम्मे निम्मे. कॉफी माझी. नाचाचं म्हणशील तर तो पायावर पाय द्यायचा.

हे पत्र त्याच्या लोकरी मोज्यांत पाय घालून लिहितेय. माझे चुलीवर वाळतायत. कोट आणि परकरही. विशेष काही नाही, जरा ओल लागली.

आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.

सैमी आत्या


लेप्पानिएमी,
५ फेब्रुवारी

कु. तेर्त्तू यांस,
एमेली कोक्कोनेनचा स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण तुमची आत्या हे तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्हाला कळायला हवं.

शनिवारी रात्री त्या दिवा हातात घेऊन ओढ्याच्या मुखाकडे लावलेली गळाची दोरी बघायला निघाल्या. तिथे पाणी वाहतं, बर्फ पातळ असतो. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. काळोखात त्या कधीही तिकडे वळल्या नसत्या, काळा पडलेला बर्फ त्यांना लांबून ओळखू येतो. पण हातात दिवा असला की पायापुरतं पांढरं दिसतं आणि पुढचं काही नाही. मी अंधारात बसलो होतो, मला त्या लख्ख दिसत होत्या. ओरडलो. तेवढ्यात दिवा आडवा झाला.

मी पोटावर सरपटत गेलो आणि काठी पुढे केली. छातीपर्यंत पाण्यात होत्या. आधी दिवा घे म्हणाल्या. मी दिवा घेतला नाही, त्यांना घेतलं. सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, भट्टी अजून तापलेली होती, तिथे नेलं. आता ठणठणीत आहेत आणि मलाच ओरडतात.

त्यांना शहरात नेऊ नका, एवढी विनंती. दिवा सकाळी काठीने ओढून आणला, त्याच्याबद्दल राग नाही.

आपला,
ए. कोक्कोनेन


तांपेरे,
१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जरा ओल लागली! एमेलीकाकांचं पत्र वाचून मी गोदामात जाऊन रडले. तू वाचलीस म्हणून रडले, आणि तो दिवा मीच तुझ्या गळ्यात मारला म्हणून रडले. आता मात्र हट्ट पुरे. खोली तयार आहे, खिडकीखाली खोली उबदार ठेवणारा हीटर आहे. मार्चच्या पहिल्या शनिवारी दुकानाची गाडी घेऊन येते. कपडे, भांडी आणि काकांचा फोटो बांधून ठेव. मोठं सामान मागाहून बघू.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही आत्या. रागव, पण ये.

तुझीच,
तेर्त्तू


लेप्पानिएमी,
१९ फेब्रुवारी

चि. तेर्त्तूस,
आत्याचे अ. उ. आ., आणि एक लाडाचा धपाटा.

तुझ्या दिव्यामुळे मी बुडाले म्हणतेस, वेडी आहेस. दिवा घेऊन चालले ती मी. दिवा भोकापाशी टांगायची वस्तू आहे, हातात धरून मिरवायची नाही, हे आता कळलं. चालायचं तर आधी विझवायचा, डोळे काळोखाला सरावू द्यायचे आणि मग पाऊल उचलायचं. काल तसंच केलं. हो, काल गेले होते. दोन मादे मिळाले. दूध घालून त्यांचं सूप केलं आणि त्यांची अंडी कांद्याबरोबर खाल्ली. तू असतीस तर ताट चाटलं असतंस.

तुझी काळजी मात्र खरी. मी एकटी होते, खोटं कशाला बोलू? पाण्यात होते तेव्हा तुझाच विचार आला. म्हणून गाडी घेऊन जरूर ये. माझं सामान न्यायला नव्हे, एमेलीचं इकडे आणायला. त्याचं घर गळतं आणि माझी चूल मोठी आहे.

त्याने विचारलं असं समजू नकोस, त्याची वाट बघत बसले असते तर शंभरी भरली असती. मासे साफ करता करता मीच विचारलं. तो म्हणाला की जपून, पित्ताची पिशवी फुटेल. ती नीट काढून झाल्यावर हो म्हणाला.

लग्न त्याच शनिवारी दुपारी. पाद्रीबाबा तरुण आहेत, गोंधळलेच. या वयात एवढी घाई कशाची, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, बाबा, बर्फ फक्त एप्रिलपर्यंत टिकतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
सैमी आत्या