ऐंशी धाग्यांचं जाळं

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

स्नेहा आज जाळं घेऊन आली. सुवर्णाची स्नेहा, शेलार गावची. तिची आई आमच्या भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची तेव्हा ही माझ्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, मला खाला म्हणजे मावशी म्हणायची. आता गोव्याला समुद्राचं संशोधन करते आणि जाते कुठे — तर थेट दक्षिण ध्रुवाला! मी विचारलं, एवढ्या लांब जाऊन काय धरतेस, मासे? म्हणाली, "नाही, खाला. मासे जे खातात ना, ते ज्यावर जगतं ते."

जाळं कसलं, माणसाएवढी झोळी आहे. तोंडाला लोखंडी कडं, खाली निमुळती होत गेलेली, टोकाला डबी. कापड मात्र असं की हात फिरवतच राहावं. धागे मोजायची काच लावली. इंचाला ऐंशी, उभे-आडवे सारखे. बर्फाला घासून वीतभर फाटलंय. नवं परदेशातून यायला चार-पाच महिने लागतील आणि जहाज डिसेंबरात निघणार. हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही, म्हणाली. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं मला. चढले.

कारखाना जब्बारभाईंचा, पण इथला कापडाचा प्रत्येक ताका सत्तावीस वर्षं माझ्या नजरेखालून जातोय. भाई हसले. "शकिला, दर्यातल्या किड्यांचा जाळा शिवतंस आता? मग लुंगीचा माल कोन बघील?"

दोन्ही बघीन म्हटलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी, कारखाना बंद. घरात उजेड पुरत नाही, तपासणीच्या टेबलावरचा दिवाच हवा. म्हणून जाळ्याला हात लावला नाही.

२३ सप्टेंबर

सुरुवात केली. स्नेहाने बजावलं होतं, स्वच्छता हवी. हात कोपरापर्यंत धुतले, टेबलावर कोरी पांढरी चादर घातली. रफूचा धागा जाळ्याच्याच काठातून सोडवला. दोन धागे चिकटले तर पाणी अडेल, एक सुटला तर जीव निसटेल. श्वास धरून टाके घालायचे. शेजारी सहा लूमवर लुंगीचा निळा चेक्सचा माल खडखडत होता. मला ऐकूसुद्धा येत नव्हता.

२६ सप्टेंबर

झालं. रफू कुठे आहे ते स्नेहाला बोटाने दाखवावं लागलं. मान मोडलीये, पण आज मी नवाबीण आहे.

मग तिने लॅपटॉपवर चित्रं दाखवली. डायटम. समुद्रातली वनस्पती, एवढी बारीक की माझ्या काचेतूनही दिसायची नाही. प्रत्येकीला काचेचं घर — खरोखरच काचेचं, पाण्यातून काच वेचून तीच बांधते. एक गोल ताटलीसारखी. तिच्यावर भोकांच्या रांगा. मी सवयीने चूक शोधायला लागले. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. एक रांग चुकली नव्हती. सत्तावीस वर्षांत बिनचूक ताका मी एकदाही पाहिला नाही. आणि हिला न हात, न डोळे, न मालक.

स्नेहा म्हणाली, जगातल्या प्राणवायूतला निम्म्याच्या आसपास समुद्रातल्या अशा सगळ्या बारीक वनस्पती मिळून करतात. आमच्या कारखान्यात खोकत जो श्वास घेते, त्यातलाही काही तिकडूनच आला असेल. रात्री नमाज झाल्यावर बराच वेळ नुसती श्वास घेत बसले.

२१ डिसेंबर

जहाज निघालं. माझं जाळं गेलं. माझं म्हणतेय मी!

१४ जानेवारी २०२५

स्नेहाचा व्हिडिओ. जहाजाने बर्फाची लादी उलटी केली तर खालची बाजू तपकिरी, चहा सांडल्यासारखी. तो मळ नाही, ते शेत आहे. बर्फाच्या तळाला उलटं उगवलेलं. आणि क्रिल नावाची कोलंबीची बहीण तिथे उलटी लटकून चरते. मग क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासा, सगळे. वर सहा-सहा महिने बर्फ आणि खाली कुणीतरी कधीच ताट वाढून ठेवलंय. सुब्हानल्लाह.

सुवर्णाला फोन केला. ती वैतागलेली. "शकिलाबाय, पोरगी बरफान गेली न फोटू धाडतंय चिलटांचं. एक पेंगविन तरी दाखवाचा व्हता!"

९ मार्च

आठवा रोजा. स्नेहाने आज फोटो पाठवला. कोपेपॉड, तांदळाच्या कणीएवढा. लांब मिशा, त्यांना लाल झालर, आणि पारदर्शक अंगात तेलाचा एक लांबट थेंब. ही त्याची शिदोरी. उन्हाळ्यात खाऊन साठवायची, मग खोल अंधारात उतरून हिवाळाभर काही न खाता निजायचं. आमचा तीस दिवसांचा रोजा, आणि दुपारी चार वाजले की मी घड्याळाकडे बघते. भाईंना फोटो दाखवला. खूप वेळ बघत राहिले. "याला पन रोजी देनारा तोच," एवढंच बोलले.

पहिल्यांदा किडा म्हणाले नाहीत.

१७ एप्रिल

स्नेहा परत आली. फोनवर आवाज पडलेला. या खेपेला धरलेल्या जिवांच्या बाटल्यांमध्ये निळे तंतू सापडलेत. एका नाही, अकरा बाटल्यांत. जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी आणि त्यातले जीव कसे असतात, ते तिला लिहून ठेवायचं होतं, पुढच्यांना ताडून बघता यावं म्हणून. तीन वर्षं त्यावर काढली. तिचे सर म्हणतात, हे तंतू तुझ्याच कपड्यांचे नाहीतर जाळ्याचे, या कामाला आता किंमत नाही.

जाळ्यात निळं काही नव्हतंच, मी म्हटलं. फोन ठेवला तर समोर तपासायला लुंगीचा निळा ताका.

१८ एप्रिल, शुक्रवार

बंद कारखान्यात एकटी जाऊन उभी राहिले. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात सुताचं तूस तरंगत होतं. यंत्रं बंद असूनही! निळं, पांढरं, निळं. टेबलावर तूस, दिव्यावर तूस. ती पांढरी चादर कपाटातून काढली आणि घडी उलगडून काच लावली. कुरळे निळे तंतू, मोजता येईनात.

सत्तावीस वर्षं तूस अंगावर घेऊन घरी जाते. भुवयांवरचं पुसते, केसांतलं झटकते. तरी मला ते दिसलं नाही. हवा कुणाला दिसते? हात धुतले, चादर घातली, आणि पोरीचं जाळं त्या हवेत चार दिवस उघडं टाकलं. दिवा घरी आणून शुक्रवारी काम केलं असतं तर? एवढंही सुचलं नाही.

भाईंना सांगितलं. "तूस तर उडताच. त्यात तुझा काय गुन्हा?" भाई माझ्या बाजूचे, म्हणून म्हणतात.

२० एप्रिल

स्नेहाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खाला, जाळं धुऊन घ्यायला हवं होतं मी. घाईत होते." माझी चूक ती आपल्या पदरात घेत होती. मला ते जास्त लागलं.

२ मे

जेवण जात नाही. ताके तपासते, पण डोळे तूसच बघतात.

११ मे

शेलारला, सुवर्णाच्या घरी. स्नेहा सुट्टीला आलीये, बाटल्या बरोबर. मीच हट्ट धरला होता, मला दाखव म्हणून. सरांना सांगण्याआधी नक्की करू दे, तूस माझं आहे की नाही.

तिने काचेच्या बशीत थेंब-थेंब ओतलं. काच लावली आणि क्षणभर मी कशाला आले तेच विसरले. फोटो वेगळा, हे वेगळं. मिशांवरचे केस मोजावेत इतके स्पष्ट. एक शंख मोहरीच्या दाण्याएवढा, वळणावर वळण, आरपार दिसणारा. शेवाळी रंगाचे गोळे. हे सगळे माझ्या ऐंशी धाग्यांतून गेले नाहीत, अडकले, माझ्यापर्यंत आले. रडू आलं. सुवर्णाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग त्यांच्यामध्ये तो दिसला. निळा, कुरळा. लुंगीच्या मालाचा. आपला माणूस गर्दीत ओळखू येतो तसा ओळखू आला. मी म्हटलं, स्नेहा, हा माझा. सरांना लिही, भिवंडीच्या शकिलाने जाळं खराब केलं. ती म्हणाली, नाव लिहिणार नाही. लिही म्हटलं.

१२ मे

निघताना स्नेहाने एक जुनी बाटली उघडली. पहिल्या सफरीची, दोन वर्षांपूर्वीची, जाळं माझ्याकडे यायच्या कितीतरी आधीची. तेव्हा तिने जीव फक्त मोजले होते, त्यांच्या पोटात ती डोकावली नव्हती. "ही कोरी आहे खाला, तंतू नाही हिच्यात. ही बघून जा, म्हणजे बरं वाटेल."

काच लावली. क्रिलचं पिल्लू, करंगळीच्या नखाएवढं, आरपार. पोटात समुद्रात खाल्लेल्याचा काळसर घास. घासाच्या मधोमध निळा, कुरळा तंतू.

"काय दिसतंय?" स्नेहाने विचारलं.

मी काच तिच्या हातात दिली.