दिपूचा आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची जळगावात! मेहरूणला खोली मिळाली. तिसरा मजला, खिडकीतून तलावाचा तुकडा दिसतो. मी इंग्रजी बोलायला शिकवणार तो क्लास दहा मिनिटांवर. क्लास चालवणाऱ्या पुनीतभाऊंनी चहा पाजला आणि नवं खूळ दाखवलं. टॅबमध्ये आपला आवाज भरायचा, एक चेहरा निवडायचा, की ते कार्टून आपल्याच आवाजात ओठ हलवून बोलतं. चारचौघांत तोंड उघडायला लाजणारेही त्याच्याआडून बोलतात. सावद्याचे लीलाधर आबा, केळीचे व्यापारी, वय एकसष्ट, त्यांनी सिंह घेतलाय. मी पोट धरून हसले. धुळ्याला मायला फोन करून सगळं सांगितलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सगळे छान बोलू लागलेत, पण टॅबशी. तास संपला की पांगतात. मग दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नाही. शेजारच्या खोलीला कुलूप. भरीत केलं, एकटीला फार झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
वर्गाला नमुना म्हणून माझंही कार्टून केलं आहे. दोन वेण्या, टिकली, हिरवी ओढणी. तास झाल्यावर रोज बसून तिच्यात आवाज भरते. धडे संपले तेव्हा अहिराणीत बोलत राहिले. गावच्या गोष्टी, मायच्या, माझ्या. कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आज मी न भरलेलं वाक्य ती बोलली. "आज उशीर व्हयना तुले." पुनीतभाऊ म्हणाले, सॉफ्टवेअर हळूहळू शिकतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
घसा बसलाय. संध्याकाळी मायला फोन केला, तर ती म्हणाली, "दुपारलेच त बोलनी तू मनासंगे, चांगली तासभर." दुपारी मी वर्गात होते. माझ्या फोनमध्ये तसा कॉल नाही. मायचा काहीतरी घोळ झाला असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
आवाज कुजबुजीएवढा उरलाय. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही. वर्गात आता तीच शिकवते, सगळे तिलाच मॅडम म्हणतात. लीलाधर आबांनी तेवढं माझ्याकडे बघून विचारलं, पोरी, बरी आहेस ना. माझे ओठ हलायच्या आधी टॅबमधून उत्तर आलं. बरी आहे म्हणाली.

सोमवार, २४ नोव्हेंबर
पुसून टाकली तिला. पुनीतभाऊंसमोर, सगळ्या टॅबमधून. त्याच क्षणी माझा उरलासुरला आवाजही गेला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
मायला फोन लावला. तोंडातून नुसता वारा. माय विचारत होती, कोन शे, बोलत का नही. तेवढ्यात तिच्या घरात कोणीतरी हसलं —
माझं हसणं होतं ते.
लिहून पाठवू तर मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ओळखते ती आवाजावरच. उद्या पहिली बस.

बुधवार, २६ नोव्हेंबर, धुळे
दार उघडंच होतं. माय खाटेवर शेंगा सोलत बसलेली. मांडीवर फोन. फोनमध्ये ती — दोन वेण्या, हिरवी ओढणी. गप्पा चाललेल्या. माय इतकी खुश मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. माझा पाय उंबऱ्यातून उचलेना.

मायने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "दिपू, दारमा कोनी तरी उभं शे."

"कोनी नही, माय," फोनमधून माझा आवाज म्हणाला. "दार लाई ले."

मायने लावलं. माझ्या तोंडावर.

ओट्यावर बसून लिहितेय. तीनदा कडी वाजवली. आतून माय विचारते, कोन शे — उघडलं की तिचा हात धरेन, गालावर ठेवेन माझ्या, हाताला तरी कळेल —

उठली. पावलं येताहेत. कडीला हात —

थांबली. तिला विचारतेय, उघडू का. आणि ती