बाभळीवरची बाळंतीण

१२ मार्च, बुधवार
काकूची आणखी एक कोंबडी गेली. "तुझ्या पाहुणीनंच नेली," म्हणाली — जणू गरुडाला मीच हात धरून आणलंय.

दत्तोबा तात्यांच्या बांधावरच्या बाभळीवर सापमार गरुडाचं घरटं आहे. आमच्या ओसरीवरून दिसतं. एकच अंडं होतं, परवा पिल्लू निघालं. आईबाप त्याला काय चारतात ते बघून लिहायचं काम बारामतीच्या कॉलेजातल्या इंद्रजित सरांनी मला दिलंय. बारावी अर्धवट सोडलेल्याला याहून बरं काम कोण देणार?

तात्या म्हणाले, "कोंबड्या खात आसंल तर बाभळ पाडतो. तसंबी उसाची ट्रॉली वळवाया ती आडवीच येती."

म्हणजे पुरावा मी द्यायचा.

१९ मार्च, बुधवार
तात्या आणि काकू, दोघांना झुडपाआड बसवलं. काकू शेंगा फोडत बसली. "एवढ्या वेळात मी दोन पोरींची लग्नं जमवली आस्ती."

मग नर आला. साप गिळूनच आणतो; चोचीतून नुसती शेपटी लोंबत होती. मादीनं ती धरली आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसा साप बाहेर काढला. तात्या उठून उभेच राहिले. "कंचा साप?" मी म्हणालो, शेपटीवरून खात्रीनं सांगता येत नाही.

काकू — "ह्याला उद्या पोरगी दाखवली तर म्हणंल, पदराच्या टोकावरनं खात्रीनं सांगता येत न्हाय."

झाडाखाली गरुडानं ओकून टाकलेले गोळे पडतात, तेही फोडून दाखवले. खवलं, सरड्यांची नखं. पीस एकही नाही. काकू म्हणाली, मग मुंगूस आसंल. तात्या म्हणाले, "साप खाणारं पाखरू. बाभळीला हात लावायचा न्हाय."

सुटलो!

२५ मार्च, मंगळवार
आज दोन साप, एक सरडा. पिल्लू अजून कापसाच्या बोंडासारखं. बरं चाललंय. म्हणूनच भीती वाटते.

७ एप्रिल, सोमवार
कसला सुटलो. तात्यांनी गावभर सांगितलं. लोक म्हणाले, साप खाणारा गरुड म्हणजे साक्षात विष्णूचं वाहन. काल रामनवमीला बाभळीखाली ही गर्दी. नारळ, उदबत्त्या, खोडाला भगवं फडकं. एकानं स्पीकर आणला. आजही तेच. पुरावा मी जरा जास्तच चांगला दिला.

नर लांबूनच घिरट्या घालतो, उतरत नाही. मादीही उडून गेली. पिल्लू उन्हात चोच उघडी टाकून पडलंय. असंच चाललं तर मरेल. लोकांना समजावलं. "आरं, आमी का दगडं मारतुय? पाया पडतुय की."



८ एप्रिल, मंगळवार
सकाळी काकूला सगळं सांगितलं. ती तशीच उठली. चपला घालून निघाली. बाभळीखाली तात्या नारळ फोडायच्या बेतात होते.

"तात्या, वर काय हाय?"

"देव हाय."

"बाळंतीण हाय. पिल्लू घरट्यात हाय तवर सुवेर, बाळंतपणाचा इटाळ. सुवेर आसलेल्या घरात तुमी देवाला नारळ फोडता व्हय?"

तात्यांनी नारळ गुपचूप पिशवीत घातला. बाकीचे चपला शोधू लागले. जाताना काकू माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् गडीमाणसानं बाळंतिणीकडं दुर्बीण लावून बसूबी न्हाय."

दुपारी नर उतरला. धामण होती. या वेळी खात्रीनं लिहितो. अर्धी बाहेरच लोंबत होती.

२ मे, शुक्रवार
पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झाडतं. तात्या रोज विचारतात, "सुवेर फिटलं का?" सिमेंट आणून ठेवलंय. बाभळीभोवती चौथरा बांधायचाय, वर पत्र्याचं शेड, पुढं घंटा. ही जोडी दरसाल याच बाभळीवर येते. घंटेच्या वर घरटं करणार नाही. आणि आमच्या माळावर आता ऊस इतका पुढं आलाय की दुसरं धड झाड राहिलेलं नाही.

सरांना फोन केला. म्हणाले, लोकांशी प्रेमानं बोल. प्रेम तर या लोकांकडंच जास्त आहे.

१६ मे, शुक्रवार
पिल्लू सकाळी उडालं. पार माळ ओलांडून गेलं; काकूनंही ओसरीवरून बघितलं.

संध्याकाळी तात्या ओसरीवर आले. "फिटलं का सुवेर?" काकू भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "कुठलं? घरट्यातच बसलंय की आजून." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुर्बीण उचलली, रिकाम्या घरट्यावर नीट लावली.

"हो तात्या. बसलंय."