वाईट कार्यक्रमांचा संच

३ फेब्रुवारी

आला एकदाचा तो संच. दोन सीडी, वर दादाचा फोटो — दाढी वाढलेली, डोळे मिटलेले, अगदी साधुपुरुष! फोटो काढतात म्हटलं की आधी भांग पाडणारा माणूस तो. वहिनीने पाठवलाय. सोबत चिठ्ठी: 'वन्सं, वेळ मिळेल तेव्हा ऐका.' वेळ भरपूर आहे. ऐकणार नाही.

४ फेब्रुवारी

ऐकला. लाँड्रीच्या दुकानातच लावला, सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आत.

काय सांगू! पहिल्या गाण्याआधी अडीच मिनिटं नुसती तार लावतोय. मी घड्याळ बघून मोजली. मग खोकतो. मग 'पुलाखालची खोली' सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्यापासून जो उतरतो तो उतरतोच — गिटार एकीकडे, हा एकीकडे! तिसरं कडवं विसरतो, हूं हूं करून वेळ मारून नेतो. आणि लोक टाळ्या पिटतायत. आणि आता दादा गेला म्हटल्यावर तर त्याचं खोकणंसुद्धा गोड.

आणि मी कुठे? अकरा वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून दुसरा आवाज दिला. रेकॉर्डरला दोन माइक असायचे, एक त्याला, एक मला. दोघांचे आवाज कॅसेटवर वेगवेगळे राहायचे. दोन्ही माइक मीच जोडायचे. या शहाण्यांनी माझा आवाज सरळ बंद करून टाकलाय. त्याच्या माइकात चुकून शिरले असेन तेवढीच ऐकू येते, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तशी.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या भरात एका कोटाची बाही जरा जास्तच शेकली.

५ फेब्रुवारी

कोटवाल्याला कळलं नाही. सुटले!

७ फेब्रुवारी

पेपरात परीक्षण. 'सुराच्या पलीकडे गेलेला आवाज.' पलीकडे नाही हो, खाली! 'चुकांमधून डोकावणारा निखळ माणूस.' या परीक्षणवाल्याचा शर्ट मी कॉलरला डाग ठेवून परत केला, तर त्याला म्हणेल का हा निखळ?

एक गोष्ट यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. दादाची पद्धत अशी होती — कार्यक्रम चांगला झाला की त्याच कॅसेटवर पुढचा घ्यायचा. जमलेलं काय ऐकायचं, म्हणायचा. फसला की ती कॅसेट बाजूला ठेवायची, घरी बसून पुन्हा पुन्हा ऐकायची, कुठे काय चुकलं ते शोधायचं. म्हणजे उरल्या त्या सगळ्या फसलेल्या! चांगले कार्यक्रम त्याने स्वतःच्या हाताने पुसले. आणि आता हा उकिरडा सोन्याच्या भावाने डोक्यावर घेऊन नाचतायत.

मला एका शब्दाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. नाचा!

९ फेब्रुवारी

शाळेतल्या बाई साड्या घ्यायला आल्या. संच तोंडपाठ झालाय त्यांना. 'अहो, तो माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गातोय असं वाटतं. चुकतो, हसतो, म्हणतो — थांबा, पुन्हा घेतो. मी भांडी घासायची थांबते.' डोळ्यांत पाणी. माझ्या काउंटरवर!

पावती फाडून दिली.

पण खरं लिहायचं तर — गाण्यांच्या मधलं त्याचं बोलणं मलाही आवडतं. लिहायला इथे कुणाची भीती? कुठल्याशा म्हातारीकडून चाल कशी मिळवली ते सांगतो. तिची गळकी मोरी दुरुस्त करून दिली, मग तिने गाऊन दाखवलं. हे सांगताना सगळा हॉल हसतोय. त्या चालीत त्याने स्वतःचे शब्द भरले आणि 'उसवलेली बाही' झालं. तेवढी चार मिनिटं मी तीनदा ऐकली. मग तो गायला लागला, उतरला, मी बंद केलं.

आणि हल्ली ही गिऱ्हाइकं एवढं तोंडातल्या तोंडात का बोलतात? दोन-दोनदा विचारावं लागतं.

१२ फेब्रुवारी

वहिनी आली. हातात कागद. दुसरा संच काढायचाय, त्यातल्या निम्म्या चाली माझ्या नावावर आहेत म्हणून माझी सही हवी.

खुर्ची दिली. चहा दिला नाही.

म्हटलं, माझा आवाज घाला, मग सही.

'वन्सं, तेवढं सोडून काहीही मागा.'

'का? मी काय खोकत होते? तार लावत होते? तो बेसूर चालतो आणि मी सुरात असून नको?'

ती खाली बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला तर वाटलं, हिला लाज वाटतेय — सगळं श्रेय एकट्या नवऱ्याला हवं आणि ते तोंडाने म्हणवत नाही. बोलून टाकलं तसं! ती उठली. 'तुम्ही काहीही म्हणा मला,' एवढंच म्हणाली. कागद काउंटरवरच ठेवून गेली.

१३ फेब्रुवारी

झोप नाही, डोकं जड. त्या दिवशीचं परत आठवलं. कार्यक्रम संपवून आम्ही खुर्च्या उचलत होतो. दादा म्हणाला, 'छोटे, तू आता थांब. पुढचे मी एकटाच करतो.' का, म्हटलं. 'असंच.' अकरा वर्षांवर असंच! लोकांसमोर 'आता आमची छोटी गाणार, खुर्च्या घट्ट धरा' म्हणणारा माणूस. माझ्या टाळ्या त्याला खुपायला लागल्या होत्या, दुसरं काय. दोन वर्षं त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही मी. तो दोनदा दुकानाच्या दारापर्यंत आला. मी आत कपडे मोजत बसले.

मग तो गेलाच.

१५ फेब्रुवारी

संच करणाऱ्या त्या कानटोप्याला फोन केला. कायम कानांवर हेडफोन म्हणून मी त्याला कानटोप्या म्हणते. विचारलं, माझा आवाज खराब झालाय का कॅसेटवर? 'नाही काकू, अगदी स्वच्छ आहे.' मग बंद का? 'ते... वहिनींनी सांगितलं होतं.' ऐकवशील? तर म्हणतो, 'काकू, राहू दे ना.'

राहू दे! सगळे मेले सामील आहेत.

१७ फेब्रुवारी

उद्या दुकान बंद ठेवून जाते. समोर बसून माझा आवाज चालू करायला लावणार. वहिनीलाही बोलावलंय. तिच्या तोंडावर कळू दे, सुरात कोण होतं ते.

१८ फेब्रुवारी

गेले होते. आज लिहवत नाही.

२० फेब्रुवारी

कानटोप्याने दादाचा आवाज बंद केला, माझा चालू केला. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्यापासून मी खाली. गिटार मला तेव्हाही नीट ऐकू येत नसणार; माझं मलाच कळत नाहीये, छान जोरात गातेय.

मग दोघांचे एकत्र लावले. मी उतरते, आणि अर्ध्या ओळीत तो माझ्यापाशी उतरतो. प्रत्येक गाण्यात, उरलेल्या प्रत्येक कॅसेटवर. दोघं मिळून ऐकलं तर आम्ही सुरात वाटतो, गिटारच बेसूर वाटते.

वहिनी म्हणाली, 'लोक तुम्हाला हसले असते, वन्सं. ते ह्यांना चाललं नसतं.'

सही केली. खाली माझ्या हाताने लिहून दिलं — दुसरा संच माझ्या आवाजासकट काढा, आणि पहिलाही तसाच परत काढा. दादा बेसूर नव्हता.