गाळलेली दोन पानं

आदिलाबाद,
रविवार

प्रिय सुवर्णा,

महिनाभर तुझा फोन आला की मी शाळेत असल्याचं सांगते. मागच्या रविवारीही तेच सांगितलं, तेव्हा तू नुसती हसलीस आणि फोन ठेवलास. तोंडानं बोलायला गेले असते तर तू ‘जाऊ दे व’ म्हणून मला पुरतं बोलूच दिलं नसतंस. म्हणून लिहायला बसले.

इकडे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. पहाटेपासून मार्केट यार्डाकडे रांग लागते, हॉर्न थांबत नाहीत. अशा दिवसांत पुस्तक वाचून फोनवर रेकॉर्ड करायला दुपारचीच काय ती थोडी शांतता मिळायची. खिडकीला गोधडी लावायची, फ्रिज बंद करायचा आणि फोनसमोर बसायचं. गेला महिना मी गोधडी लावते, फ्रिज बंद करते आणि पुस्तक न उघडताच उठते.

या कामात मला तूच ओढलंस. लग्न होऊन मुधोळला गेलीस तरी पुस्तकाचं वेड तुझं सुटलं नाही. हौसेनं जुनी पुस्तकं वाचून ती कुणालाही फुकट ऐकायला ठेवणारा गट तुलाच सापडला. मी वाचायचं, तू पुस्तक समोर धरून ऐकायचं, चुकलेलं कळवायचं. ‘श’ आणि ‘ष’वरून तुझी किती बोलणी खाल्ली मी! आणि त्या गटाचा एकच नियम, तूच मला पहिल्या दिवशी बजावलेला: पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं, पदरचं घालायचं नाही, आपल्या मनानं सोडायचं नाही.

या वेळची कादंबरी मी बाबांसाठी निवडली, हे तुला माहीत आहे. साखरेनं त्यांचे डोळे गेले तेव्हापासून वांकिडीच्या घरात ते दिवसभर फोन कानाशी धरून असतात. मी लहान असताना आई दुसऱ्यांच्या कापसात निंदायला जायची आणि बाबा शाळा सुटल्यावर मला घेऊन तिला आणायला निघायचे. त्या वाटेवर त्यांनी मला ती सगळी कादंबरी सांगितली होती. मला वाटलं, आता मी त्यांना ऐकवावी.

निम्मं पुस्तक वाचून झालं आणि जत्रेचं प्रकरण आलं. जत्रेला निघालेली गाडी ओढ्यात रुतते आणि ती काढायला आमच्या जातीच्या वस्तीतली माणसं येतात, ते प्रकरण. बाबांनी वाटेवर गोष्ट सांगताना गाडी काढणारे लोक कोण होते ते कधी सांगितलंच नव्हतं. लेखकानं मात्र दोन पानं भरून सांगितलं आहे. त्यांच्या अंगाचा वास, त्यांचं हसणं, त्यांना दिलेली नावं. मी वाचायला लागले आणि पहिल्याच नावापाशी थांबले. ते माझ्याच तोंडून बाहेर पडणार होतं, आणि बाबांच्याच कानात जाणार होतं. मी दोन्ही पानं सोडली. एवढंच नाही, सांधा दिसू नये म्हणून ‘थोड्या वेळात गाडी निघाली’ असं माझ्या पदरचं वाक्य घातलं.

पुस्तक तुझ्यासमोर उघडं होतं. दोन पानं सुटलेली तुला कळली नसतील, असं मी एक क्षणही मानलं नाही. तू फक्त ‘प्रकरण ठीक’ असं कळवलंस. ते शब्द मोठ्यानं वाच, असं मला सांगणं तुझ्या जिवावर आलं असणार. मी त्यावर काही बोलले नाही, तूही बोलली नाहीस.

मग बाबांनीच गटाच्या नंबरवर फोन केला. आपली लेक इतकं छान वाचते म्हणून कौतुक करायला! आणि बोलता बोलता सांगितलं की जत्रेतली दोन पानं सुटली आहेत, चिकटली असतील. गटानं विचारलं तेव्हा मी काही लिहायच्या आत तुझा निरोप आला: तपासणी माझी होती, माझ्याच लक्षातून गेलं. त्यांनी तुझ्याकडचं काम काढून घेतलं. मी तो निरोप स्टाफरूममध्ये वाचला, फोन पालथा ठेवला आणि वर्गावर गेले. नंतरही रोज वाटायचं, आज लिहू. रोज तुझ्यामागे लपून राहिले.

गेल्या आठवड्यात वांकिडीला गेले. चहा झाल्यावर बाबांनी सरळ विचारलं, “पानं चिकटली होती का व, का तूच गाळली?” मी कपबशा उचलायला लागले. ते म्हणाले, “माह्यासाठी गाळली असशील, तर मी ते कवाच वाचलं हाय. तुह्याहून लहान होतो. वाचनालयात पुस्तक मिटवलं, बाहीर जाऊन उभा राह्यलो, मंग आत येऊन पुरं केलं. त्याची भाषा गोड होती. अन् त्यानं आपल्याले काय म्हटलं, तेही ध्यानात ठेवलं. दोन्ही माह्यापाशी हाय. तू लोकाइले एकच देऊन राह्यली, गोड तेवढं.”

मग मी त्यांना तुझं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “ते पोरगी तुह्या जागी उभी राह्यली, अन् तू पाहून राह्यली?” सुवर्णा, त्यांना दिसत नाही, तरी मला मान वर करता आली नाही.

आज सकाळी मी गटाला सगळं खरं कळवलं. पानं मी गाळली, वाक्य मी घातलं, सुवर्णानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. ती दोन पानं मी वांकिडीतच वाचून आणली आहेत, बाबांच्या बाजेशेजारी बसून. ती तपासायला तूच हवीस, असं मी गटाला सांगितलं आणि ते कबूल झाले. तुझी माफी मागायची आहेच, पण हे पत्र लिहिलं ते मुख्यतः यासाठी, की तू नाही म्हणू नयेस. पुस्तक समोर धर आणि ऐक. एका शब्दावर माझा आवाज फाटला आहे, तो मी पुन्हा वाचला नाही. ती चूक धरायची की तशीच ठेवायची, हे तू ठरव. पण या वेळी ऐकून गप्प राहू नकोस.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
प्रीती